ज्या कामाची कुणी वाट पाहतं

बोहाड्यात सोंग एकदम पुढ्यात येत नाही. आधी संबळ आणि पिपाणीची चाल बदलते, गर्दी दोन्ही अंगांना सरते, मधली वाट मोकळी होते आणि मग उजेडाच्या टप्प्यात मुखवटा शिरतो. गणपती, सरस्वती, खंडेराव, वेताळ, भीम, नरसिंह, रावण. सोंग नाचत पुढे जातं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं. ते निघून गेलं की माणसं पुढच्याची वाट पाहत तिथेच बसून राहतात. पहाटेला देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात, राक्षस पडतो आणि लोक घरोघर परततात. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत होळी झाल्यावर, पावसाआधीच्या दिवसांत गावोगावी हा उत्सव भरतो. कुठे तो एका रात्रीचा असतो, कुठे अनेक रात्रींचा. नाशिककडच्या डोंगराळ भागात यालाच भवाडा म्हणतात.

पहिल्यांदा बोहाडा पाहिला तेव्हा माझं सगळं लक्ष मुखवट्यांवर होतं. चित्रकलेचं शिक्षण झालेलं, मुंबईत डिझाइनचं काम करत होते, त्यामुळे नजर आपोआप रंगांकडे, नाकाच्या उठावाकडे, रंगवलेल्या भुवयांकडे जात होती. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी मी मागे वळून बसलेल्या लोकांकडे पाहिलं. आयांच्या मांडीवर पेंगणारी मुलं संबळाची चाल बदलली की दचकून उठत होती. हीच सोंगं आयुष्यभर पाहिलेले म्हातारे माना उंचावून बघत होते. पुढे कोण येणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं, तरीही प्रत्येक जण त्याची वाट पाहत होता. मी केलेल्या कामाची अशी वाट कधी कुणी पाहिली आहे का, हा प्रश्न मला त्या रात्री पडला आणि मग तो माझ्या मागेच लागला.

त्याच्या आदल्या वर्षी मी एका कंपनीच्या दिवाळी भेटीच्या खोक्यासाठी ‘वारली’ किनार काढून दिली होती. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून धड, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय, मधोमध तारप्याचा फेर. संदर्भ म्हणून समोर एक छापील पान होतं. वारल्यांचं एकही घर मी तोवर आतून पाहिलेलं नव्हतं आणि लग्नचौक म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं. शुक्रवारपर्यंत काम द्यायचं होतं, ते दिलं, बिल निघालं. ते काम वाईट होतं असं मी म्हणणार नाही. रेषा नीट होत्या, रंग जुळले होते. पण ते झालं नसतं तर जगात कुणाचंही काही अडलं नसतं. उसन्या चित्राची लाज मला वाटतेच, पण कुणाचं काही न अडण्याची त्याहून जास्त वाटते.

चित्रकारांच्या आणि डिझाइनरांच्या मुलाखतींत ‘तुमची प्रेरणा काय’ हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तरंही साधारण ठरलेली असतात: निसर्ग, बालपण, आई, प्रवास, एकटेपण. या उत्तरांत खोटं काही नसतं, पण त्यांचा रोख नेहमी आतल्या बाजूला असतो. कलावंताच्या आत काहीतरी उमलतं, मग ते बाहेर येतं, मग जग ते पाहतं, असा तो क्रम. जव्हार-मोखाड्याला वारंवार जाणं झाल्यावर मला हा क्रम उलटा वाटू लागला आहे. मराठीत प्रेरणेच्या शेजारी आणखी एक शब्द आहे, निमित्त. आपण तो सबबीच्या अर्थाने वापरून हलका करून टाकला आहे. पण निमित्त म्हणजे मुळात ती बाहेरची गोष्ट, जिच्यामुळे काम करावंच लागतं: एक तिथी, एक लग्न, देवीपुढे बोललेला नवस, वाट पाहणारी माणसं. माझं म्हणणं एवढंच की कलावंताचा हात घडवतं ते निमित्त. प्रेरणा त्याच्या मागून येते आणि निमित्त सुटलं की तीही फार काळ तग धरत नाही.

लग्नचौकाचंच घ्या. वारल्यांच्या घरी लग्न असलं की भिंत गेरूने सारवली जाते, तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात, बांबूची काडी टोकाला चावून मऊ करतात आणि सवाशिणी चौक काढायला लागतात. चौकाच्या मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौक नाही तर लग्न नाही. इथे चित्र काढणारीला ‘आज सुचत नाही’ असं म्हणता येत नाही, कारण मांडव घातलेला असतो आणि पाहुणे निघालेले असतात. तरीही एक चौक दुसऱ्यासारखा नसतो. देवीची जागा ठरलेली, चौकटीच्या नक्षीचे पट्टे ठरलेले, पण भोवतीचं झाड कसं फुटेल आणि त्यावर माकड कुठे बसेल हे काढणारीच्या मनावर असतं. सगळं ठरलेलं असताना जी थोडी जागा उरते, तिच्यात हात किती मोकळा चालतो हे पाहायचं असेल तर चौक पाहावा. कोऱ्या कागदापुढे दिवसदिवस अडून बसलेल्या किती तरी डिझाइनर मित्रमैत्रिणी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यात मीही आहे. आम्हाला सगळी जागा मोकळी होती, आणि कुणाचं लग्न खोळंबलेलं नव्हतं.

हा चौक भिंतीवरून कागदावर आला तो शहरातल्या एका चित्रकारामुळे. त्या माणसाची वाट मराठी वाचकांना जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. मुंबईचे भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा हातमाग आणि हस्तकलांचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला पाठवलं. काम साधं होतं: भिंती रंगवणाऱ्या बायकांना कागद द्यायचा, त्यावर काढलेली चित्रं विकत घ्यायची, म्हणजे त्यांच्या हाती चार पैसे पडतील. मधुबनीची चित्रं देशभर गेली ती त्यानंतर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या गंजाडला पोचले. तिथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. आई गेल्यावर म्हसे लहानपणी बोलायचेच थांबले होते आणि मातीत रेघा ओढून मनातलं सांगत. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

कुलकर्णी आज आठवले जातात ते दुसऱ्यांच्या चित्रांमुळे. त्यांना घराबाहेर काढलं ते दुष्काळाने, म्हणजे लोकांच्या पोटाने. डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांत आपण मुलांना स्वतःची शैली शोधायला सांगतो. कागदांचे गठ्ठे घेऊन परक्या गावात जाऊन राहणारा हा माणूस त्यांच्यापुढे एकदा तरी ठेवायला हवा.

पण या कथेची दुसरी बाजू मला सोडून देता येत नाही. चौक बायकांचा होता. कागदावरची वारली चित्रकला मात्र बघता बघता मुख्यतः पुरुषांची झाली. १९८८ साली यशोधरा दालमिया यांचं वारल्यांच्या चित्रांवरचं पुस्तक आलं. त्यात चौक काढणाऱ्या बायकांचं जग नोंदलेलं आहे. पुढच्या काळात प्रदर्शनं, पुरस्कार, परदेशवाऱ्या बहुतेक पुरुषांच्या वाट्याला आल्या. यात कुणी कुणाचं चोरलं असं झालेलं नाही. चित्र विकायचं म्हणजे मुंबई गाठायची, अनोळखी माणसांशी बोलायचं, चार-चार दिवस घराबाहेर राहायचं, बँकेत खातं काढायचं. पाणी भरणं आणि चूल ज्यांच्या गळ्यात, त्यांना हे जमणारं नव्हतं. लग्नाच्या जागी बाजार आला आणि काडी धरणारा हात बदलला. नव्या पिढीत वारली मुली चित्रं विकू लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण धवलेरीच्या गाण्याबरोबर काढलेल्या चौकाखाली कुणाची सही नसते. आणि लग्न आटोपल्यावर चुलीच्या धुराने काळवंडत जाणाऱ्या त्या भिंतीची किंमत लावायला कुठलीही गॅलरी येणार नाही. बाजाराने म्हसेंना नाव दिलं ही मोठी गोष्ट झाली. ज्यांनी हे सगळं भिंतीवर जपलं त्या बायकांची नावं मात्र कुठल्याच यादीत नाहीत.

आता जव्हारच्या मुखवट्यांकडे येते.

बोहाड्याचे मुखवटे पूर्वी लाकडात कोरत. आता बहुतेक कागदाचे असतात: मातीच्या साच्यावर खळ लावून कागदाचे थर चढवायचे, वाळवायचे, साच्यावरून सोडवायचे, मग रंग. जव्हारकडचे धर्मा कडू हे या कामातलं नावाजलेलं नाव. त्यांचे मुलगे सुभाष आणि भगवान कडू यांनी ते काम पुढे चालवलं. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल २०१५ च्या सुमारास त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनी एक वेगळीच मागणी केली. देवाचे, राक्षसाचे मुखवटे नकोत. आपल्या आसपासच्या जगण्यातले हवेत: माणसांचे वेगवेगळे भाव, वेगवेगळी वयं, प्राणी, पक्षी, घरातल्या मोलाच्या वस्तू. कडू बंधूंनी, त्यांच्या घरच्यांनी आणि गावातल्या इतर कोकणा आणि वारली मंडळींनी ते केले. मग तेच मुखवटे घालून लोक आपापल्या रोजच्या जागी बसले-उभे राहिले, घरात, दुकानात, दवाखान्यात, रस्त्यावर, आणि गिल यांनी छायाचित्रं काढली. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपीअरन्स’ नावाची ही मालिका २०१७ साली अथेन्स आणि कासल इथल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात लागली, २०१८ साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ मध्ये लागली.

ती छायाचित्रं पाहताना पहिल्यांदा हसू येईल असं वाटतं आणि येत नाही. पक्ष्याचं डोकं असलेला माणूस खाटेवर बसलेला आहे अशी कल्पना करा. काही क्षणांतच डोकं पक्ष्याचं आहे हे आपण विसरतो आणि त्याच्या हातांकडे, पोक काढून बसण्याकडे पाहू लागतो. माणूस मुखवट्यामागे लपतो असं आपण समजतो. इथे मुखवटा चढल्यावरच त्याचं उरलेलं शरीर दिसायला लागतं.

मला या कामात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, गावातला कारागीर जुनं तेच गिरवतो आणि नवं घडवणं हे शहरातल्या कलावंताचं काम, ही आपली लाडकी विभागणी या कामाने मोडून काढली. कारागीर आणि कलावंत हे दोन शब्द आपण दोन वेगळ्या पगारांसाठी राखून ठेवले आहेत. दुःखाला चेहरा कसा असतो, आजारपणाला कसा, हे कडूंना कुठल्या पोथीने सांगितलं नव्हतं. ते त्यांना जमलं, कारण रागाचा रावण, भयाचा वेताळ आणि उग्र नरसिंह हे वर्षानुवर्षं गावासाठी करून हात तयार झालेला होता. दरवर्षी गाव वाट पाहत होतं म्हणून हात चालत राहिला, आणि हात चालता होता म्हणून एका परक्या बाईने वेगळं काही मागितल्यावर तेही घडलं. गिल यांनी या मंडळींची नावं घेतली, त्यांना सहकारी मानलं, हे मी मुद्दाम नोंदवते. असं सहसा होत नाही.

तरीही न्यूयॉर्कच्या भिंतीवरचं छायाचित्र आणि गावातल्या रात्रीचं सोंग या दोहोंत मला काळजी वाटते ती सोंगाची. छायाचित्र सांभाळायला संग्रहालयं आहेत. सोंग सांभाळायला फक्त गाव आहे, आणि गावाची स्थिती आपण सगळे जाणतो. दोन्ही तालुके मिळून २०११ च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं, दहातली नऊ आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात, भिवंडी, वसई, ठाणे, जिथे काम मिळेल तिथे. पाऊस इथे धो धो पडतो आणि उन्हाळ्यात टँकर लागतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणेचं धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या भागाचं नाव कळलं, आणि आजही अनेकांना तेवढंच कळलेलं आहे. कामाला गेलेली माणसं होळीला परततात. बोहाडा त्या परतीच्या पाठोपाठ येतो. म्हणजे ज्या प्रेक्षकांबद्दल मी बोलते आहे, ते आधी भट्टीवरून सुटून यावे लागतात.

आपल्याकडे म्हण आहे की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. शहरी मराठीत सोंग म्हणजे ढोंग. इथे सोंग म्हणजे जबाबदारी. ते घराण्यात चालत येतं, ते घेणाऱ्याला नेम पाळावे लागतात, त्या रात्री तो स्वतःचा नसतो. पण म्हण इथेही खरी आहे. मुखवट्याला रंग लागतो, वाजंत्र्यांना बिदागी द्यावी लागते, रात्रभराच्या उजेडाचा खर्च असतो, आणि मुखवटे करणाऱ्याच्या घरीही चूल असते. निमित्त मोठं असलं तरी ते पोट भरत नाही. इथे माझ्या म्हणण्याला एक ठोस आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही.

आक्षेप असा: वाट पाहणारं गाव हे बंधनही असतं. कुणी कोणतं सोंग घ्यायचं हे जन्माने ठरतं, चौक कुणी काढायचा हे लग्न झालं आहे की नाही यावर ठरतं. आधुनिक कलावंताने राजा, देऊळ, सावकार यांच्या मागणीतून सुटायला दोनशे वर्षं झगडा केला आणि तू त्याला परत मागणीकडे ढकलतेस. शिवाय कुणीही वाट पाहत नसताना केलेलं थोर काम डोळ्यांसमोर आहे. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या कॅनव्हासवरचं ते पान, ते घड्याळ, तो रिकामा अवकाश कुणी मागितला होता?

बरव्यांचं उदाहरण मी स्वतः अनेकदा मनाशी घोळवलं आहे. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं १९९० चं पुस्तक माझ्यासारख्या अनेकांनी हाताशी ठेवून चित्रकला शिकली. त्यांच्या चित्रांची मागणी खरोखरच कुणी केली नव्हती. पण बरवे दोन दशकं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला, मग मुंबईला. ही केंद्रं स्वातंत्र्यानंतर हातमागाच्या उभारीसाठी काढली गेली, आणि त्यांत सरकारने चित्रकार नेमले. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, जेराम पटेल, गौतम वाघेला यांच्यासारखे चित्रकार या केंद्रांत होते. दिवसा विणकरासाठी नक्षी काढायची, महिनाअखेरीस पगार घ्यायचा, उरलेल्या वेळात आपलं चित्र. बनारसच्या वास्तव्याचा बरव्यांच्या चित्रांवर किती खोल ठसा उमटला हे सर्वज्ञात आहे. म्हणजे बरव्यांच्या स्वातंत्र्यालाही एक निमित्त होतं, समोरचा विणकर, आणि त्या स्वातंत्र्याखाली एक भक्कम फळी होती, पगार. कुणी मागितलं नाही ते चित्र काढण्याची मुभा त्यांना मिळाली, कारण कुणीतरी मागत होतं ते ते रोज करून देत होते.

र. कृ. जोशींचंही तसंच. जाहिरातीच्या क्षेत्रातला हा माणूस देवनागरी अक्षरांच्या मागे आयुष्यभर राहिला. संगणक आला तेव्हा मराठी, हिंदी लिहायला पडद्यावर धड अक्षर नव्हतं. त्यांनी ‘मंगल’ घडवलं आणि ते विंडोजबरोबर घरोघर गेलं. हे वाचणाऱ्यांतल्या कित्येकांनी आपलं पहिलं मराठी ईपत्र त्याच अक्षरात लिहिलं असेल, जोशींचं नाव न ऐकता. कामामागचं हे निमित्त डिझाइनच्या मराठी नावातही आहे. शाळेत आपण शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या, त्यात डिझाइनच्या पेपरचं नाव होतं संकल्पचित्र. हा शब्द कुणी घडवला मला ठाऊक नाही, पण त्यात संकल्प आहे, आणि संकल्प पूजेआधी सोडतात, कुणाच्या तरी नावाने, कशासाठी तरी. परीक्षेच्या कागदावर मात्र आपण वर्तुळात त्रिकोण बसवले आणि रंग भरले.

तेव्हा आक्षेपाला माझं उत्तर असं. जन्माने लादलेलं बंधन जावं, सोंग मुलीनेही घ्यावं, चौक हवा त्या बाईने काढावा. पण वाट पाहणाऱ्या माणसांनाच जुनाट ठरवून बाजूला सारू नये. आणि निमित्ताला पगाराचा आधार हवा. बरव्यांना तो मिळाला, तसा जव्हारच्या मुखवटेकाराला का मिळू नये?

ही मागणी हवेतली नाही. जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. त्याच्या आश्रमशाळांत मुखवटे करणाऱ्यांची आणि चौक काढणाऱ्यांची मुलं राहून शिकतात. कलाशिक्षक व्हायचं तर ए.टी.डी.ची पदविका लागते. मातीच्या साच्यावरून रावणाचं मस्तक न फाटता सोडवणारा माणूस त्या दारातून आत येऊ शकत नाही. त्याला आत घ्या. त्याला पदविका विचारू नका, हात दाखव म्हणा. धवलेरीला बोलवा. महिन्याचा पगार द्या, मानधनाची वार्षिक चिठ्ठी नको. मुलं वर्षभर शिकतील आणि होळीनंतर गावातच त्यांची परीक्षा होईल, शेकडो परीक्षकांसमोर, रात्रभर.

पुरस्कारांना माझा विरोध नाही. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा मला भरून आलं होतं. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून ते स्वतःचा तारपा स्वतः बांधतात. भाताचा हंगाम आला की त्या फुंकीवर माणसं फेर धरतात. पण पुरस्कार आला तो ऐंशी ओलांडल्यावर. तारपा शिकू पाहणाऱ्या विशीतल्या मुलाला तो कसा उपयोगी पडणार? त्याच्यापुढे वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन उभा आहे, आणि उचल आज मिळते.

कायद्याच्या आधाराबद्दलही भाबडं राहू नये. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते मानांकन नावाचं रक्षण करतं. काड्यांची माणसं कुणीही कुठेही छापू शकतो, जशी मी छापली होती. कोल्हापुरी चपलेलाही २०१९ पासून मानांकन होतं. तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं ते आपल्याकडे आरडाओरडा झाल्यावर. आरडाओरडा करणं बरोबरच होतं. पण कोल्हापुरीमागे शहरं होती, व्यापारी होते, वर्तमानपत्रं होती. बोहाड्याच्या मुखवट्याची नक्कल उद्या कुणी केली तर मोखाड्यासाठी ओरडणारं कोण आहे?

म्हणून माझ्या व्यवसायातल्या मंडळींना माझं सांगणं अगदी व्यवहारी आहे. आदिवासी भागातून काही घेणार असाल तर आधी त्या माणसाला काम द्या, तुमचा दर त्याला द्या, तुमच्या नावाच्या आकाराच्या अक्षरात त्याचं नाव छापा. दुसऱ्यांदाही त्याच्याकडेच जा. एकदाच येणारा ग्राहक हे निमित्त नव्हे. कडूंना गिल यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं भेटत राहिली, तर त्यांच्या मुलांनाही हे काम करावंसं वाटेल. मी ती किनार पुन्हा काढलेली नाही, आणि तशी मागणी आली की जव्हारच्या चित्रकारांचं नाव देते. काही ग्राहक जातात. काही त्यांच्याकडे पोचतात.

आणि वाचकांना एक विनंती. येत्या होळीनंतर कसाऱ्याहून खोडाळ्याच्या रस्त्याने मोखाड्याला या, नाहीतर त्र्यंबकहून या. कुठल्या गावी कोणत्या रात्री बोहाडा आहे ते जव्हारच्या बाजारात कुणीही सांगेल. अर्ध्या रात्री उठून जाऊ नका, महिषासुर पडेपर्यंत बसा. सकाळी चहा पिताना मुखवटे कुणी केले ते विचारा, त्यांचं घर गाठा, नाव लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षीसाठी एक मुखवटा सांगून, अर्धे पैसे देऊन या.